‘घरातलं चव्हाट्यावर कशाला?’ : दोन बायका, तीन पुस्तकं

मुरगूडहून बोलतोय. इअरफोन लावा, आज जरा घरातलं बोलू.

गौरीच्या रात्री आमच्याकडे झिम्मा-फुगडी रंगली की ‘नाच गं घुमा’ हमखास होतं. नाच म्हटलं की घुमा अडून बसते. हे नाही, ते नाही, नाचू कशी? हेच नाव माधवी देसाईंनी आपल्या आत्मकथेला दिलं. माधवीताई म्हणजे कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांची लेक, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या कोवाडच्या रणजित देसाईंची पत्नी. होय, तेच ‘स्वामी’वाले. कादंबरी १९६२ची, साहित्य अकादमी पुरस्कार १९६४चा. माधवराव-रमाबाईंचं प्रेम अख्ख्या महाराष्ट्राने त्यांच्या शब्दांत वाचलं. त्याच लेखकाबरोबरचा आपला संसार कसा मोडला, हे माधवीताईंनी लिहिलं. तेही देसाई हयात असताना. ते गेले १९९२ला.

खरं सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीपण म्हणालो होतो, “घरातलं चव्हाट्यावर कशाला?”

माझं मत बदललं ते सातासमुद्रापलीकडच्या एका बाईमुळे. सिंथिया लेनन. ‘बीटल्स’च्या जॉन लेननची पहिली बायको. लग्न २३ ऑगस्ट १९६२, लिव्हरपूल. म्हणजे इकडे ‘स्वामी’ आली, त्याच वर्षी. पण लग्न झालंय हे चाहत्यांना कळू द्यायचं नाही, असं मॅनेजर ब्रायन एपस्टाइनचं धोरण. त्यामुळे बायको असून ही बाई लपलेली. १९६७च्या ऑगस्टमध्ये बीटल्स महर्षी महेश योगींच्या शिबिराला निघाले. लंडनच्या युस्टन स्टेशनवर पोलिसाने हिला गर्दीतली चाहती समजून अडवलं. गाडी सुटली, नवरा गेला, ही फलाटावर. पुढच्या वर्षी दोघं ऋषिकेशला आले खरे, पण १९६८च्या नोव्हेंबरमध्ये घटस्फोट झाला.

१९७८ला तिने पहिलं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी तिची हकिगत वर्तमानपत्रात येणार म्हटल्यावर जॉन ती थांबवायला कोर्टात गेला. कोर्टाने नकार दिला. दोघांनीही आपल्या लग्नाबद्दल आधीच जाहीरपणे सांगितलंय, आता ती खासगी बाब राहिली नाही, असं कोर्टाचं म्हणणं. १९८०ला न्यूयॉर्कमध्ये जॉनचा खून झाला. आणि २००५ला सिंथियाने पुन्हा लिहिलं. पुस्तकाचं नाव नुसतं ‘जॉन’. प्रस्तावना मुलाची, ज्युलियनची.

आता गंमत बघा. बाई एकच, संसार एकच, पुस्तकं दोन, मध्ये २७ वर्षं. पहिलं मवाळ, तिने स्वतः काढलेल्या चित्रांसकट. दुसरं बरंच कडक. मग खरं कुठलं?

इथे बखर आठवा. बखर वाचताना आपण विचारतो ना, कुणी लिहिली, कधी लिहिली, कुणासाठी लिहिली? तेच प्रश्न इथे विचारायचे. १९७८ला जॉन जिवंत होता, उत्तर देऊ शकत होता. २००५ला तो नव्हता, आणि जगाने त्याला जवळपास देव केलं होतं. दोन्ही पुस्तकं म्हणजे साक्ष आहेत, निकाल नाहीत. लग्नाची तारीख, घटस्फोट, कोर्ट हे कागदावर तपासता येतं. फलाटावर उभं राहून काय वाटलं, ते मात्र तिच्याशिवाय कोण सांगणार?

तेच ‘नाच गं घुमा’चं. त्या पुस्तकाने ‘स्वामी’ लहान होत नाही. ‘स्वामी’मुळे घुमाची हकिगत खोटीही ठरत नाही. मोठ्या माणसाबद्दल बोलायला चाहते असतात, समीक्षक असतात, सत्कार समित्या असतात. त्याच्या घरातल्या माणसाला बोलायला एखादंच पुस्तक मिळतं.

म्हणून यंदा गौरीच्या रात्री ते गाणं कानावर आलं की जरा थांबा. घुमा कारणं का सांगतेय, ते तिलाच विचारून बघा.

भेटू पुढच्या भागात!