हाड धातूला धरतं तेव्हा

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कापूरहोळच्या पुढे किकवी लागतं. तिथल्या एका काकांचा प्रश्न आहे: "जबड्यात स्क्रू बसवला, मग वरचा दात लावायला तीन महिने कशाला? फेऱ्या वाढवायला का?"

शंका रास्त आहे. उत्तर मात्र १९५२ सालात आहे.

स्वीडनमध्ये लुंड इथं पेर-इंगवार ब्रोनेमार्क हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी सशाच्या पायात त्यांनी टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवलं. काम झाल्यावर काढायला गेले, तर निघेचना! हाडानं धातूला धरलं होतं. तोवर समज असा, की शरीर परक्या वस्तूभोवती मऊ पडदा तयार करून तिला वेगळं ठेवतं.

१९६५ साली यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे स्क्रू बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले, तोवर ते टिकले. तरी दंतवैद्यकानं हे मनापासून स्वीकारलं ते १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर.

हे घडतं कसं? टायटॅनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा अतिपातळ थर येतो. शरीर तो सहन करतं, आणि पेशी त्याला लागून नवं हाड घालतात. पण त्या काळात स्क्रू हलता कामा नये. भोर-वेल्ह्यात भातलावणी करणाऱ्यांना हे सांगायला नको. लावलेलं रोप रोज हलवून पाहिलं, तर ते जीव धरेल का? स्क्रू सारखा हलला, की हाडाऐवजी मऊ ऊतीच तयार होते. म्हणून ब्रोनेमार्कांचा मूळ नियम होता: खालच्या जबड्याला तीन महिने, वरच्याला सहा. आता काही रुग्णांना लवकर दात लावतात, पण स्क्रू पहिल्यापासून घट्ट बसला असेल तरच.

मग गुडघा बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी कसं चालवतात? तिथं बहुतेकदा हाडाचं सिमेंट वापरतात. ते मिनिटांत घट्ट होतं. ते हाडाच्या खाचांत अडकून बसतं, हाडाशी जुळून येत नाही. योगायोग बघा, त्याच १९६५ साली पुण्यात डॉ. के. एच. संचेतींनी रुग्णालय सुरू केलं. पुढे त्यांनी 'इंडस' हा भारतीय बनावटीचा कृत्रिम गुडघा घडवला.

तर काका, ते तीन महिने डॉक्टरांचे नाहीत, हाडाचे आहेत. तेवढे दिवस विडी-तंबाखू बंद आणि साखर ताब्यात ठेवा. ही दोन्ही हाडाचं काम बिघडवतात.

भेटू पुढच्या भागात.