सॅन मारिनो : सहा महिन्यांचे राज्यप्रमुख

राज्य म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे प्रथम विस्तार उभा राहतो. सॅन मारिनोचे क्षेत्रफळ अवघे 61 चौरस किलोमीटर, लोकवस्ती सुमारे 34 हजार. चहूंकडे इटली, डोंगरावरून समुद्र दिसतो, पण किनारा स्वतःचा नाही. टिटानो पर्वताच्या कड्यावर तीन बुरूज उभे आहेत. इसवी सन 301 मध्ये मारिनुस नामक पाथरवटाने हे राज्य स्थापिले, असे तेथील लोक मानतात. ही आख्यायिका आम्ही आख्यायिका म्हणूनच घेऊ. दोन राज्यप्रमुखांची परंपरा मात्र 1243 पासून चालत आली आहे.

या दोघांस कॅप्टन रीजंट म्हणतात. दोघांचे अधिकार सारखे. एकाचा निर्णय दुसरा अडवू शकतो. 60 सभासदांची महासभा त्यांस निवडते आणि ते 1 एप्रिल व 1 ऑक्टोबर रोजी सूत्रे घेतात. सहा महिने संपले की पायउतार. पुढे तीन वर्षे पुन्हा निवड नाही. शिवाय, त्यांच्या कारभाराविषयी तक्रार नोंदविण्याचा हक्क नागरिकांस असतो. सहा महिन्यांत मनुष्य कारभार शिकणार केव्हा आणि करणार केव्हा, असे कोणी म्हणेल. पण खुर्चीची सवय जडण्यापूर्वीच ती सोडावी लागते, हाच तर त्यातील हेतू!

असले राज्य टिकले कसे? लहान म्हणून कोणी लक्षच दिले नाही, हे उत्तर पुरेसे नाही. 1739 साली कार्डिनल अल्बेरोनी याने ते व्यापलेच होते. लोकांनी दाद मागितली आणि 1740 च्या फेब्रुवारीत पोपने स्वातंत्र्य परत दिले. 1797 मध्ये नेपोलियनने मैत्रीबरोबर मुलूखही देऊ केला. अँतोनिओ ओनोफ्री याच्या सल्ल्याने त्यांनी मैत्री घेतली, मुलूख नाकारला. हा नकार आम्हांस मोठा शहाणपणाचा वाटतो. नेपोलियन पडल्यावर त्याने वाटलेल्या मुलुखांचे काय झाले, हे सर्वांस ठाऊक आहे. सॅन मारिनोकडे परत मागण्याजोगे काही नव्हतेच.

तथापि या प्रजासत्ताकास आम्ही आदर्श म्हणून मिरविणार नाही. राज्यप्रमुख दर सहा महिन्यांनी बदलत, पण त्यांस निवडणाऱ्या महासभेचे सभासद तहहयात असत, आणि रिकामी जागा महासभा स्वतःच भरी. म्हणजे दरवाजावरचा पहारेकरी बदलायचा आणि घर मात्र त्याच मोजक्या घराण्यांचे! हे मोडण्यास 1906 उजाडावे लागले. त्या वर्षी 25 मार्चला कुटुंबप्रमुखांची सभा भरली आणि तिने महासभा लोकांनी निवडावी असा कौल दिला.

कुटुंबप्रमुख म्हणजे अर्थात पुरुष. स्त्रियांनी प्रथम मतदान केले 1964 साली. अधिकारपदावर बसण्याचा हक्क त्यांस 1973 मध्ये मिळाला. 1981 साली मारिया लेआ पेदिनी अँजेलिनी या पहिल्या स्त्री कॅप्टन रीजंट झाल्या. त्यांची मुदतही सहाच महिन्यांची होती.