लग्नखर्च आणि कर्ज : एक जुना हिशेब

लग्नखर्चाने घर बुडते, ही समजूत जुनी आहे. तिची पारख एकोणिसाव्या शतकातच पुण्याच्या परिसरात झाली.

सप्टेंबर १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापिला. त्याच वर्षी, २५ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दिवशी, पहिला सत्यशोधक विवाह लागला. भट नाही, दक्षिणा नाही; विडा-सुपारीच्या खर्चात कार्य पार पडले.

पुढे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी रयतेने सावकारांची खतपत्रे व वह्या जाळल्या. चौकशी आयोगापुढे लग्नातील उधळपट्टीचा आरोप आलाच. आयोगाचा निष्कर्ष मात्र निराळा होता. लग्नखर्च ही खर्चाची मोठी बाब खरी. परंतु कर्जाचे मूळ क्वचितच तेथे असते. गरिबी, वाडवडिलांचे देणे आणि चढते व्याज यांनीच रयत आधी वाकलेली होती.

दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात. वाकलेल्या पाठीला लहान मांडवही जड होतो. म्हणून आपल्या घरी लग्न ठरले की पाहुण्यांची यादी करण्यापूर्वी डोक्यावरच्या देण्याची यादी करावी. मांडव केवढा घालावा, हे तीच सांगेल.