हत्यारें घडविणारा शल्यवैद्य

दूरची वस्तु जवळ दिसावी म्हणून मनुष्यानें दुर्बीण निर्माण केली. परंतु आमच्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया "दुर्बिणीचें ऑपरेशन" असा शब्द उच्चारतात तेव्हां त्यांच्या मनांत गुरु-शनि नसून, बेंबीपाशीं पाडलेल्या लहानशा छिद्रांतून पोटांत उतरणारी एक नळी असते. त्यांच्या सासवा याच प्रसंगाला "पोट फाडणें" म्हणत, आणि तो शब्द अक्षरशः खरा होता. वीतभर चीर, कित्येक दिवस अंथरुणाला खिळून राहणें आणि जन्मभराचा व्रण, एवढें सर्व त्या शब्दांत येई. या दोन शब्दांमधील अंतर कसें कापलें गेलें ह्याचा इतिहास फार जुना नाहीं. तरी त्यांतील मुख्य पुरुष कुर्ट झेम ह्यांचें नांव आमच्यांतील सुशिक्षितांसही सहसा ठाऊक नसतें.

मिटलेल्या पोटांत डोकावण्याची कल्पना झेम ह्यांची नव्हे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. जर्मनींतील गेओर्ग केलिंग ह्यांनीं १९०१ सालीं एका कुत्र्याच्या पोटांत हवा भरून नळीनें आंत पाहिलें. स्टॉकहोम येथील याकोबेउस ह्यांनीं १९१० सालीं मनुष्यावरील असे प्रयोग प्रसिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धांत पॅरिस जर्मनांच्या ताब्यांत असतांना राउल पामेर ह्यांनीं ही विद्या स्त्रीरोगांकडे वळविली. रुग्णेचें डोकें खालीं व कंबर वर येईल असें मेज तिरपें केलें म्हणजे आंतडीं आपल्याच भारानें छातीकडे सरकतात, आणि ओटीपोटाच्या तळाशीं दडलेलें गर्भाशय व बीजकोश दृष्टीस पडतात. इतर शल्यवैद्यांच्या आधीं स्त्रीवैद्यांच्या हातीं ही नळी रुळली, त्याचें एक कारण हेंच. परंतु किरकोळ कामें सोडलीं तर हे सर्व लोक मुख्यतः पाहत असत. करण्यासारखें कांहीं मोठें आढळलें तर पोट उघडावेंच लागे.

झेम ह्यांचा जन्म १९२७ सालीं म्यूनिक येथें झाला. वैद्यकाच्या जोडीला हत्यारें घडविण्याची कलाही ते रीतसर शिकले होते, आणि आमच्या मतें त्यांच्या पुढील सर्व आयुष्याची किल्ली ह्या एका गोष्टींत आहे. आपल्याकडे पंडिताची पोथी आणि लोहाराचा भाता एका घरांत नांदल्याचें उदाहरण विरळा. येथें तीं नांदलीं. म्यूनिक येथें प्राध्यापक फिकेन्चर ह्यांच्या हाताखालीं असतां, वंध्यत्वाच्या तपासणींत बीजवाहक नलिका मोकळ्या आहेत कीं नाहींत हें वायु सोडून पाहणाऱ्या यंत्रावर त्यांनीं काम केलें. त्याच विचारांतून पुढें पोट फुगविणारें त्यांचें स्वयंचलित यंत्र निघालें. पोटांतील दाब कमी पडला तर वरची भिंत खालीं येऊन कांहीं दिसेनासें होतें. अधिक झाला तर हृदयाकडे परतणाऱ्या रक्तावर व श्वासावर ताण पडतो. झेम ह्यांचें यंत्र दाब मोजून हवा तेवढाच कार्बन डायॉक्साइड वायु आंत सोडी. हा वायु पेट घेत नाहीं आणि रक्तांत विरघळून श्वासावाटे निघून जातो, म्हणून तो पसंत.

१९७० सालीं ते कील येथील विद्यापीठाच्या स्त्री-रुग्णालयाचे प्रमुख झाले. येथून पुढें त्यांच्यावर जो जो आक्षेप आला त्याला त्यांनीं वादानें नव्हे, तर एकेक हत्यार पुढें करून उत्तर दिलें. विजेच्या प्रवाहानें रक्तवाहिनी जाळून बंद करण्याची रीत होती. परंतु तो प्रवाह भलतीकडे जाऊन आंतडें भाजे, आणि तें भाजलेलें कित्येक दिवस लक्षांतही येत नसे. झेम ह्यांनीं शरीरांतून वीज न नेतां केवळ तापलेल्या चिमट्यानें रक्त थिजविण्याची युक्ति काढली. रक्त वाहूं लागलें तर आंत हात कसा घालणार, असें कोणी विचारलें. तेव्हां टॉन्सिल काढतांना वापरली जाणारी जुनी सरकगाठ त्यांनीं लांब नळींतून पोटांत नेली. पुढें शरीराच्या आंत टांके घालण्याची आणि गांठ बाहेर बांधून आंत ढकलण्याची पद्धति बसविली. ह्या गांठीचें महत्त्व सामान्य वाचकांस चटकन् जाणवणार नाहीं; पण बांधतां आल्यावांचून शल्यवैद्याला कापतां येत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पाहणाऱ्या नळीची करणारी नळी कोठें झाली हें कळतें.

ह्या उद्योगाचें स्वागत कसें झालें तें ऐकण्यासारखें आहे. कील येथें ते रुजू होतांच, हा गृहस्थ अशा रीतीनें शस्त्रक्रिया करूं पाहतो तेव्हां ह्याच्या मेंदूंतच कांहीं बिघाड असावा, अशा शंकेनें सहकाऱ्यांनीं त्यांस मेंदूची तपासणी करवून घेण्यास सांगितलें. एका व्याख्यानांत ते चित्रें दाखवीत असतां असली शस्त्रक्रिया अनीतीची आहे असें म्हणून चित्रयंत्राची वीजच तोडण्यांत आली. मग सप्टेंबर १९८० मध्यें त्यांनीं दुर्बिणीच्या साह्यानें अपेंडिक्स काढलें, आणि वादळ उठलें. जर्मन शल्यवैद्यांच्या संस्थेच्या अध्यक्षांनीं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेस पत्र लिहून झेम ह्यांस व्यवसायांतून दूर करण्याची मागणी केली. अमेरिकेंतील एका प्रतिष्ठित नियतकालिकानें त्यांचा लेख नीतीच्याच कारणावरून प्रथम परत केला. अखेर ती हकीकत १९८३ सालीं दुसऱ्या एका नियतकालिकांत प्रसिद्ध झाली.

विरोधकांस मूर्ख ठरवून मोकळें होण्याचा मोह येथें होतो. आम्हांस तो न्याय वाटत नाहीं. त्या काळीं नळीच्या टोंकाला एक डोळा लावून शल्यवैद्य एकटाच पाही. पडद्यावर चित्र दाखविणारा कॅमेरा अजून रूढ झाला नव्हता. शेजारीं उभ्या असलेल्या साहाय्यकास आंत काय चाललें आहे हें कळण्याचा मार्ग नव्हता, आणि जें दुसऱ्यास तपासतां येत नाहीं त्याविषयीं शंका घेणें हें शास्त्राचें कर्तव्यच आहे. झेम ह्यांच्या हत्यारांपैकीं एकावर तर पुढें खरोखरच बालंट आलें. गर्भाशयांतील गांठी बारीक करून लहान छिद्रांतून बाहेर काढणाऱ्या यंत्रांच्या मूळ कर्त्यांत त्यांची गणना होते. गांठींत न ओळखलेला कर्करोग असल्यास अशा यंत्रानें तो पोटभर पसरतो, म्हणून २०१४ सालीं अमेरिकन सरकारच्या औषध-खात्यानें विजेवर चालणाऱ्या यंत्रांविरुद्ध इशारा दिला. मात्र १९८० च्या वादांत केवळ रुग्णांची काळजी होती असेंही नव्हे. अपेंडिक्स ही शल्यवैद्यांची वहिवाट. तिच्यांत एका स्त्रीवैद्यानें पाऊल टाकलें होतें. हद्दीच्या भांडणाला नीतीचें नांव दिलें कीं तें अधिक सोज्ज्वळ दिसतें, हा अनुभव शेताच्या बांधावरही येतो.

झेम ह्यांचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवून ब्योब्लिंगेन येथील एरिख म्युहे ह्यांनीं सप्टेंबर १९८५ मध्यें पित्ताशय ह्याच रीतीनें काढलें. पुढील वर्षीं शल्यवैद्यांच्या सभेंत त्यांचीही कुचेष्टाच झाली; त्याच संस्थेनें १९९२ सालीं त्यांचा गौरव केला. दरम्यान १९८७ सालीं फ्रान्समधील लियों येथें फिलिप मूरे ह्यांनीं तीच शस्त्रक्रिया केली, आणि मग ती झपाट्यानें जगभर पसरली. मुंबईस १९९० सालीं जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमटन उडवाडिया ह्यांनीं भारतांतील अशी पहिली पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. निदानासाठीं ही नळी ते १९७२ पासूनच वापरीत होते, ही गोष्ट विसरतां कामा नये. महाग तपासण्या ज्यांस परवडत नाहींत अशा रुग्णांच्या बाबतींत ह्या नळीचा उपयोग किती, हें त्यांनीं आग्रहानें मांडलें.

झेम १९९५ सालीं निवृत्त झाले आणि २००३ सालीं अमेरिकेंतील टूसॉन येथें वारले. त्यांच्या हत्यारांतील एक अगदीं साधें आहे. वर झांकण, झांकणाला भोंकें आणि आंत कामासाठीं ठेवलेली वस्तु, अशी ती एक पेटी. रुग्णेच्या पोटांत नळी घालण्यापूर्वीं शिकाऊ वैद्यानें ह्या पेटींत चिमटे घालून गांठ बांधावी, ती चुकावी, सोडावी आणि पुन्हां बांधावी, असा त्यांचा दंडक होता. तशा पेट्या आज शिक्षणसंस्थांतून ठेवलेल्या असतात, आणि तरुण वैद्य त्यांवर तासन् तास त्याच गांठी घोटीत बसतात.