प्रेमपत्राचं शेपूट

‘अनोळखी माणसाची मेल उघडू नका.’ व्हायरसविषयी हा पहिला सल्ला सगळीकडे मिळतो; शाळेत मीही मुलांना तो देतो. पण ४ मे २००० रोजी जगभर पसरलेली मेल अनोळखी माणसाकडून आलीच नव्हती. ती आली सहकाऱ्याकडून, साहेबांकडून, जुन्या मित्राकडून. विषय होता ‘आय लव्ह यू’.

फिलिपाइन्समधल्या मनिला शहरातून हा व्हायरस निघाला. (तो स्वतःहून पसरतो म्हणून तंत्रज्ञ त्याला ‘वर्म’ म्हणतात.) सोबत एक फाइल असे: ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, त्याने काही बिघडत नाही. खरी ओळख शेवटच्या तीन अक्षरांत होती. व्हीबीएस म्हणजे संगणकाला हुकूम देणारा प्रोग्राम. आणि विंडोज नेमकी हीच शेवटची अक्षरं लपवत असे! उर्दू उजवीकडून वाचणाऱ्याला आधी शेपूटच दिसलं असतं, असं मी गमतीने म्हणतो. पण शेपूट पडद्यावरच नसेल, तर उजवं काय नि डावं काय.

फाइल उघडली की आउटलुकमध्ये ज्यांचे पत्ते असतील त्या सगळ्यांना तेच पत्र जाई. फोटोंच्या जागी व्हायरस आपली नक्कल ठेवी. शिवाय ब्राउझरचं सुरुवातीचं पान बदलून पासवर्ड चोरणारा आणखी एक प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवू पाही. ब्रिटनच्या संसदेला मेल बंद ठेवावी लागली.

संशय आला तो ओनेल दे गुझमान या तरुणावर. लोकांचे पासवर्ड मिळवून फुकट इंटरनेट वापरता यावं, अशा प्रोग्रामचा प्रबंध त्याने कॉलेजला सुचवला होता, कॉलेजने नाकारला. तो सुटला, कारण त्या देशात तेव्हा या गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता. जूनमध्ये झालेला कायदा मागच्या कृत्याला लागू होईना. २०२० मध्ये त्याने स्वतःच कबुली दिली.

इथे निदान क्लिक तरी करावं लागत होतं. १८ सप्टेंबर २००१ ला ‘निमडा’ आला (‘ॲडमिन’ची इंग्रजी अक्षरं उलटी लावून हे नाव झालं) आणि तेवढंही उरलं नाही. इंटरनेट एक्स्प्लोररमधल्या एका दोषामुळे मेल नुसती नजरेखालून गेली, तरी जोडलेली फाइल आपोआप चालू होई. व्हायरस वेबसाइटच्या सर्व्हरमध्येही शिरे; मग ते पान पाहायला गेलेल्याच्या संगणकात तिथून उतरे. म्हणजे नुसतं वाचणंही महागात पडे.

न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला जेमतेम आठवडा झाला होता. हाही त्याचाच भाग का, असा प्रश्न निघालाच. दोन्हींचा संबंध दाखवणारा पुरावा नाही, असं अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जॉन ॲशक्रॉफ्ट यांना सांगावं लागलं.

मला मात्र दुसरी तारीख जास्त बोलकी वाटते. ब्राउझरच्या त्या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २००१ मध्येच दिली होती. अनेक संगणकांवर ती सहा महिने कुणी बसवलीच नाही. अशा वेळी बोलणी खातो कोण? मेल उघडणारा कारकून.

आणि ते शेपूट? नव्या विंडोजमध्येही ते मुळात लपलेलंच असतं. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण केली की दिसू लागतं.