पु.लं.ची भाषणं आणि १९७७ चं मतदान

मंडळी, नट-लेखकांच्या राजकीय मतांमुळे लोकांची मतं फिरतात का हो? 'फिरतात' म्हणणाऱ्यांचा पुरावा ठरलेला: मार्च १९७७ ची लोकसभा निवडणूक. पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचाराला उतरले, सभा गाजल्या. आमची हिंगोलीसुद्धा जनता पक्षाकडे गेली.

पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक खोड असते. एक बदल केला आणि प्रोग्रॅम चालला, की तो बदल काढूनही चालतो का, ते बघायचं. उत्तर प्रदेशात पु.ल. नव्हते. तिथे काँग्रेसला ८५ पैकी एकही जागा मिळाली नाही! महाराष्ट्रात पु.ल. असूनही ४८ पैकी २० मिळाल्या. जनता पक्षाला १९. उत्तरेत सक्तीच्या नसबंदीचा राग घराघरांत होता. त्याला वक्ता लागला नाही.

मग भाषणं वाया गेली? मुळीच नाही. आणीबाणी तेव्हा सैल झाली होती, पण उठली नव्हती. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. अशा वेळी लाडका लेखक भर सभेत उभा राहतो, तेव्हा लोकांचं मत बदलत नाही. मनात असलेलं बोलायची भीड मोडते.

१९८० मध्ये हिंगोली पुन्हा काँग्रेसकडे गेली. असो. यापुढे कुणी सेलिब्रिटी मत देईल तेव्हा एवढंच बघा: हे बोलून त्याचं काय जाणार आहे? काहीच जाणार नसेल, तर ती जाहिरात समजा.