जालन्याहून मेडनला

31 जानेवारी 2008. रात्रीची देवगिरी जालन्याच्या फलाटाला लागते आणि तू जनरलच्या डब्यात अंग चोरून जागा धरतोस. सॅकमध्ये आईनं बांधून दिलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक दोनशेपानी वही. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून उतरवलेली आयर्न मेडन या मेटल बॅण्डची सगळी गाणी तिच्यात आहेत. रोलिंग मिलमध्ये राबणाऱ्या बाबांनी एकदा तुझा हेडफोन कानाला लावला होता. "हा तर आमच्या शेडमधलाच आवाज!" म्हणाले, आणि मेडनच्या कार्यक्रमाच्या तिकिटाचे पैसे दिले.

बाबांचं खरंच होतं. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात गिटारवादक टोनी आयोमीच्या बोटांची टोकं मशीननं कापली. दुखऱ्या बोटांना झेपाव्यात म्हणून त्यानं गिटारच्या तारा सैल केल्या, आणि त्याच्या ब्लॅक सबाथ या बॅण्डचा जड, खर्जातला सूर घडला. मेडन त्याच वाटेनं आलेली, 1975 साली पूर्व लंडनमध्ये स्टीव्ह हॅरिसनं उभी केलेली.

दादरला उतर, लोकलनं वांद्रे गाठ, तिथून रिक्षा. बीकेसीच्या मैदानाकडे काळ्या टीशर्टांची रांग सरकतेय आणि प्रत्येकाच्या छातीवर एडी आहे, मेडनचं बोधचिन्ह. जालन्यात असा टीशर्ट घातलेला तू एकटाच. इथे तुझ्याकडे कुणी वळूनही बघत नाही, आणि त्याचा तुला केवढा आनंद होतो!

मेडनच्या जगभराच्या दौऱ्याचा हा पहिलाच कार्यक्रम आहे. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक. बॅण्ड, माणसं आणि कित्येक टन सामान घेऊन आलेलं बोइंग 757 त्यानंच चालवत आणलंय. ही गाणी या दौऱ्यात अजून कुणीच ऐकलेली नाहीत, लंडननं नाही, न्यूयॉर्कनंही नाही. तू ऐकणार आहेस.

अंधार. चर्चिलचं युद्धकाळातलं भाषण घुमतं आणि 'एसेस हाय' सुटतं. हॅरिसचा बास कानाआधी बरगड्यांना कळतो. प्लेक्ट्रम नाही, नुसती बोटं, आणि घोडा चौखूर उधळावा तशी ती लय. मागे 1984 च्या 'पॉवरस्लेव्ह' अल्बममधलं इजिप्त उभं आहे. तीन गिटार एकदम बोलतात. हेडफोनमध्ये ते तिघे एकमेकांत मिसळून जायचे; आज मरे, स्मिथ आणि गर्स तुला वेगवेगळे ऐकू येतात.

मग 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'. तेरा मिनिटांहून मोठं गाणं, कोलरिजच्या 1798 च्या कवितेवरचं. खलाशी पक्षी मारतो, शाप लागतो, जहाज समुद्रात खिळून बसतं. रामनवमीला जांबला समर्थांच्या गावी आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेलं कीर्तनातलं आख्यान असंच चालायचं. बुवा मधेच थांबायचे, टाळ गप्प व्हायचे, आणि पुढं काय होणार हे ठाऊक असूनही सगळा मांडव श्वास धरून बसायचा. इथंही गाणं मधे तसंच थांबतं. लाकडं करकरतात, एक खोल आवाज कविता बोलत राहतो. तुला प्रत्येक ओळ पाठ आहे आणि तरी अंगावर काटा येतो.

'फिअर ऑफ द डार्क'ला शब्द सुरू होण्याआधी गिटारची धूनच सगळं मैदान गाऊ लागतं. तुझ्या खोलीत हळू आवाजात, दार लावून गुणगुणलेली ती धून. तू ओरडून गातोस. घसा बसतो. शेजारचा अनोळखी पोरगा तुझ्या खांद्यावर हात टाकतो, तोही गातोय, आणि त्याचाही सूर चुकतोय.

संपतं. मेडनचं विमान पर्थकडे जाणार, तुला सकाळची तपोवन धरायची. रात्र दादरच्या फलाटावर. तो पोरगाही तिथंच भेटतो, नांदेडचा निघतो. दशम्या सोडता सोडता तो म्हणतो, 'सेव्हन्थ सन' हाच सगळ्यात भारी अल्बम. तू वही काढतोस. गाडी कसारा घाट चढली तरी तुमचा वाद मिटलेला नसतो.